नवी खुंटी रांगेच्या शेवटी

ऑफिसात तिला सगळे खुंटीताई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि ती ओ देत असे. नाव कोणी पाडलं याबद्दल वाद होता, का पाडलं याबद्दल नव्हता. कोणी नवीन माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी ती त्याला जिन्याजवळच्या भिंतीपाशी नेऊन उभं करी. भिंतीवर लाकडी फळी, फळीवर ओळीनं खुंट्या, खुंट्यांवर कोणाचा कोट, कोणाची छत्री, कोणाची डब्याची पिशवी.

"या भिंतीला माहीत आहे का, कोणी काय टांगलंय?"

"नाही."

"मग तिचं काही अडलंय?"

"नाही."

"झालं तर. आपली लायब्ररी म्हणजे ही भिंत. आता बसा कामाला."

लायब्ररीत नोकरी म्हटल्यावर शेजारणी तिच्याकडे वाचायला कादंबऱ्या मागत. पहिली काही वर्षं तिनं समजावून सांगितलं, मग कंटाळून आपल्याच कपाटातल्या द्यायला सुरुवात केली. तिची लायब्ररी कॉम्प्युटरमधली होती. दुसऱ्या प्रोग्रामांनी आयत्या वापराव्यात अशा कामांचा तो एक संच होता, आणि काम एकच: साधा मजकूर घ्यायचा, त्याचे ब्रेलचे ठिपके करायचे आणि ते कागदावर उठवणाऱ्या प्रिंटरला समजेल अशा भाषेत पोचवायचे. गोची होती ती शेवटच्या कामात. प्रत्येक प्रिंटरची भाषा निराळी. एकाला ओळ संपली हे एका खुणेनं कळे, दुसऱ्याला दुसऱ्या, आणि तिसऱ्याला सांगितलंच नाही तर तो कागद फाटेपर्यंत एकाच जागी ठोकत बसे. दर नव्या प्रिंटरसाठी लायब्ररी उसवून पुन्हा शिवायची म्हणजे जन्माचं काम.

म्हणून तिनं फार वर्षांपूर्वी लायब्ररीला खुंट्या ठोकल्या. प्रिंटरच्या भाषेचं सगळं ज्ञान एका वेगळ्या छोट्या फायलीत ठेवायचं. तिला मॉड्यूल म्हणायचं. ते एका ठरलेल्या फोल्डरमध्ये आणून टाकायचं. लायब्ररी सुरू होताना त्या फोल्डरमध्ये डोकावते, जे जे मॉड्यूल दिसेल ते उचलून घेते आणि ठरलेल्या क्रमानं त्याच्याकडून कामं करून घेते: जागं हो, पान सरकव, ओळ ठोक, झोप. मॉड्यूल कोणी लिहिलं, कुठं लिहिलं, याच्याशी तिला कर्तव्य नाही. लायब्ररीचं एक अक्षर न बदलता जगातला कोणताही प्रिंटर तिला जोडता येत होता. खुंटीताईला आयुष्यात अभिमान वाटाव्यात अशा गोष्टी थोड्या होत्या आणि त्यात ही पहिली होती. मुलीचा नंबर दुसरा, असं तिची मुलगी म्हणे.

खुंट्यांचं हे वेड माहेरचं. वडिलांची लाँड्री होती. दुकान म्हणजे एक लांबट खोली, डाव्या हाताला इस्त्रीचं टेबल, उजवीकडच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंट्या. नेहमीची गिऱ्हाइकं कोणाला विचारत नसत. आत यायचं, दारापासून मोजत आपली खुंटी गाठायची, कपडे उचलायचे, जाताना मान हलवायची. डॉक्टर पहिल्या खुंटीवर, हवालदार दुसऱ्या, बँडवाला तिसऱ्या. नवीन गिऱ्हाईक लागलं की वडील रांगेच्या पार शेवटी, अंधाऱ्या कोपऱ्यात, नवी खुंटी ठोकत. एकदा ते तापानं पडले आणि थोरल्या भावानं दुकान सांभाळलं. नवीन गिऱ्हाईक वयस्कर होतं. दादाला वाटलं, बिचाऱ्याला कोपऱ्यापर्यंत कशाला चालवा? त्यानं दाराशीच, सगळ्यांच्या आधी, एक खुंटी ठोकून दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी न बघता म्हातारबुवांचा गरम पायजमा उचलला, हवालदारानं डॉक्टरांचा पांढरा कोट, आणि बँडवाल्यानं हवालदाराचा गणवेश. त्या संध्याकाळी बागेत ट्रम्पेट वाजवणारा हवालदार पाहून दोन पाकीटमार चपला टाकून पळाले म्हणे.

वडील दादाला रागावले नाहीत. गादीवरूनच म्हणाले, "मन चांगलं होतं रे तुझं. पण मोजणी दारापासून आहे."

लायब्ररीतही मोजणी दारापासूनच होती. लायब्ररी मॉड्यूलच्या कामांना नावानं ओळखत नसे, नंबरानं ओळखे. पहिलं काम जागं होण्याचं, दुसरं पान सरकवण्याचं, आणि पुढे तसंच. म्हणून तिचे दोन नियम होते आणि ते तिनं कोणाच्या बापासाठी वाकवले नसते. नवं काम वाढवायचं तर रांगेच्या शेवटी. आणि जुन्या मॉड्यूलकडे ते नवं काम नसेल, विचारल्यावर ते गप्प बसलं, तर त्याला बाहेर काढायचं नाही. जुनं आहे एवढंच समजायचं आणि पुढे जायचं.

ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर होतं. जिना अरुंद, जिन्यात कायम रबराचा वास. मागच्या बाजूला चाचणीची खोली होती. तिच्या दाराला आतून जाड घोंगड्या ठोकलेल्या होत्या, कारण ब्रेलचा प्रिंटर म्हणजे काही शाईचा प्रिंटर नाही. तो कागदावर ठिपके अक्षरशः ठोकून काढतो. एक चालू झाला तरी खालचा टायरवाला वर बघायचा.

तिच्या शेजारच्या टेबलावर दाढीवाला बसे. हुशार माणूस, हात चलाख, स्वभाव मऊ. कोणी जोरात बोललं की त्याचं होकार देऊन मोकळं व्हायचं ठरलेलं. आणि काचेच्या खोलीत बसत ते नवे साहेब. साहेब वाईट नव्हते. पूर्वी स्वतः प्रोग्राम लिहीत, मग माणसं सांभाळायला लागले आणि बोटांना गंज चढला.

त्या वर्षी एका छापखान्यात गोंधळ झाला. कोणीतरी कुठूनतरी आणलेलं एक मॉड्यूल फोल्डरमध्ये टाकलं, ते मध्येच कोसळलं आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका अर्धी छापून राहिली. छापखान्यानं ओरडायला फोन लावला तो या ऑफिसात. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना बोलावलं.

"यापुढे ज्या मॉड्यूलवर आपला शिक्का असेल तेच लायब्ररी आत घेईल. प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीनं अर्ज करायचा, आपण तपासायचं, शिक्का द्यायचा. शिक्का नाही, प्रवेश नाही."

"आणि ज्यांची कंपनीच उरली नाही त्यांनी?" खुंटीताईनं विचारलं.

"म्हणजे?"

"बनवणारी कंपनी बंद पडली. यंत्र चालू आहे. अर्ज कोण करणार?"

"मग त्यांनी नवीन यंत्र घ्यावं."

"तुम्ही घेऊन देता?"

"ताई, तुम्ही त्या अंध शाळेच्या यंत्राबद्दल बोलताय. तिथं तुमचा दीर शिकवतो."

"हो, माझा सख्खा दीर."

"म्हणजे हे सगळं दिरासाठी चाललंय."

"दीर आहे म्हणून ते एक यंत्र मला माहीत आहे," ती म्हणाली. "ज्यांची वहिनी इथं नोकरीला नाही, अशी किती यंत्रं कुठं कुठं ठोकत बसली आहेत ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. म्हणूनच दार उघडं ठेवायचं."

दिराचं असं होतं. तो जन्मापासून अंध, आणि शाळेत त्याला मास्तर म्हणत. शाळेत एकच ब्रेल प्रिंटर होता, लोखंडी, अवजड, दोन माणसांनी उचलावा असा. त्याला सगळे म्हातारी म्हणत. मुलांची पाठ्यपुस्तकं, गोष्टी, गणितं, सगळं म्हातारीच ठोकून देई. तिला बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती आणि तिच्या भाषेचं पुस्तक कोणाकडेच नव्हतं. मास्तरनं काय केलं, तर म्हातारीला एकेक खूण पाठवली आणि कान लावून बसला. ही खूण दिली की सुई आपटते. ही दिली की गाडा डावीकडे धावतो. ही दिली की पान ओढते आणि नुसतीच कण्हते. आवाजावरून त्यानं तिची सगळी भाषा शिकून घेतली, मॉड्यूल स्वतः लिहिलं, फोल्डरमध्ये टाकलं आणि म्हातारी नव्या लायब्ररीबरोबर बोलायला लागली. वहिनीला त्यानं हे सगळं झाल्यावर सांगितलं. लायब्ररीत एक अक्षर बदलावं लागलं नाही. त्या दिवशी खुंटीताईनं ऑफिसात सगळ्यांना पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, कारण दुकानात तेवढंच होतं.

जागं होताना प्रत्येक प्रिंटर आपल्या सुया तपासायला एक ओळ ठोकतो. ऑफिसनं लिहिलेली मॉड्यूलं सरळ ब्रेलच्या अक्षराचे सहाही ठिपके ठोकत. मास्तरनं म्हातारीच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं: "उठले, उठले. ओरडता कशाला?" शाळेत रोज सकाळी पहिला कागद वाचायला मुलांची झुंबड उडे.

साहेबांनी हे शिक्का तपासणारं कुलूप लिहायचं काम खुंटीताईलाच दिलं, कारण लायब्ररीचं अंतरंग तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तिनं नाही म्हटलं नाही. शांतपणे बसून लिहिलं आणि आणून दाखवलं. साहेबांनी चालवून पाहिलं. बिनशिक्क्याचं मॉड्यूल दारातच अडलं. साहेब खूश झाले, आणि मग त्यांच्या कपाळावर आठी आली.

"हे लायब्ररीत कुठं आहे? मला दिसत नाही."

"लायब्ररीत नाहीच. ते एक मॉड्यूल आहे. फोल्डरमध्ये टाकलं की कुलूप लागतं, काढलं की निघतं. त्या छापखान्यानं टाकावं, त्यांना गरज आहे. शाळेनं टाकू नये."

"अहो, कोणीही काढेल मग!"

"घराची कडी आतल्या माणसाच्या हातात असते, साहेब. आपण त्यांना कडी द्यायची. त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप घालून किल्ली आपल्या खिशात ठेवायची, याला सुरक्षा म्हणत नाहीत."

"काय म्हणतात?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

साहेबांनी काम तिच्याकडून काढून दाढीवाल्याला दिलं. शिक्क्याचा प्रश्न लायब्ररीच्या पोटातच बसवायचा, असा हुकूम. दाढीवाल्यानं तिच्याकडे चोरटी नजर टाकली. "ताई, घरी दोन लेकरं आहेत."

"मी काही म्हणाले का?"

"तुम्ही म्हणत नाही तेव्हाच भीती वाटते."

सुट्टीच्या दिवशी मास्तर जेवायला आला. खुंटीताईचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करी. मास्तर दारातून आत येता येता नेहमीचाच विनोद करी, की आईनं दोन मुलगे दिले, एक जन्मभर काचा घासतोय आणि दुसऱ्याला काचांचा काडीचा उपयोग नाही. त्या दिवशी त्यानं विनोद केला नाही. खुर्ची चाचपून बसला आणि म्हणाला, "वहिनी, म्हातारीला हाकलणार म्हणे?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दादानं. त्याच्या पोटात काही राहतं का?"

नवरा बटाटे सोलत होता, त्यानं मान वर केली नाही.

"हे बघा," मास्तर म्हणाला, "तुम्ही नोकरीवर पाणी सोडू नका. आम्ही जुनी आवृत्ती वापरत राहू. नवी घेतलीच पाहिजे असं कुठं आहे?"

"आज चालेल, भाऊजी. शाळेचा कॉम्प्युटर बदलला की जुनी आवृत्ती त्यावर चढणार नाही. मग म्हातारी भंगारात आणि तुमची पोरं कानानं ऐकून अभ्यास करतील. गणित कानानं कसं करायचं सांगा?"

गणिताचा मास्तर तोच होता.

"तिला समजावू नकोस," नवरा बटाट्याकडे बघत म्हणाला. "मी लग्नानंतर एकदा प्रयत्न केला होता. भिंतीचा रंग निळा हवा होता मला."

"मग?"

"पिवळा आहे."

"पिवळा की निळा, मला काय दिसतंय!" मास्तर हसला, आणि मग सगळेच हसले. जेवणं झाल्यावर खुंटीताई म्हणाली, "भाऊजी, नवी आवृत्ती तपासायचा दिवस आला की म्हातारीला घेऊन ऑफिसात या. जिला बाहेर काढायचंय ती समोर तरी असू दे. तोंड बघून काढा म्हणावं."

तपासणीच्या दिवशी शाळेची गाडी टायरच्या दुकानासमोर थांबली. ड्रायव्हर आणि खुंटीताईचा नवरा, दोघांनी धापा टाकत म्हातारीला अरुंद जिन्यावरून वर चढवलं. मागून मास्तर काठी टेकत, "सांभाळून रे, तिचे गुडघे दुखतात," असं म्हणत. चाचणीच्या खोलीत भिंतीशी ओळीनं सगळे प्रिंटर मांडले होते. दोन-तीन नवे होते. त्यांची मॉड्यूलं दाढीवाल्यानं नव्यानं बांधली होती. बाकीच्यांची मॉड्यूलं जुनी, जशी वर्षानुवर्षं होती तशीच. म्हातारी टोकाला बसली. साहेब आले, म्हातारीकडे पाहिलं, मास्तरकडे पाहिलं, खुंटीताईकडे पाहिलं नाही.

"सुरू करा."

दाढीवाल्यानं बटण दाबलं.

आधी नव्या यंत्रांनी एकेक ओळ ठोकली आणि त्यांचे दिवे हिरवे झाले. मग जुनी सगळी यंत्रं एकदम ठोकायला लागली. एकही थांबेना. खोलीभर खिळे ठोकल्यासारखा धडधडाट, टेबलं थरथरतायत, कागद बाहेर येतोय, एका कपाटावरचा डबा चालत चालत काठाला आला आणि खाली पडला. साहेबांनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि ओरडले. काय ओरडले ते कोणाला ऐकू आलं नाही. खालून टायरवाल्यानं छताला काठीनं ठोकलं, ते मात्र ऐकू आलं.

खुंटीताईनं भिंतीवरचं मोठं बटण बंद केलं. एकदम शांत झालं. मास्तरनं म्हातारीच्या तोंडून लोंबणारा कागद हातात घेतला आणि त्यावरून बोटं फिरवली.

"काय विचारलं होतं तिला?" त्यानं विचारलं.

"शिक्का विचारला होता," दाढीवाला पडेल आवाजात म्हणाला. "तू कोण, तुझा शिक्का दाखव."

"उत्तर दिलंय तिनं," मास्तर म्हणाला आणि वाचून दाखवलं. "उठले, उठले. ओरडता कशाला? उठले, उठले. ओरडता कशाला? उठले, उठले..."

ड्रायव्हर तोंडावर हात ठेवून जिन्यात पळाला.

खुंटीताईनं दाढीवाल्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. त्यानं शिक्क्याचा प्रश्न रांगेत सगळ्यात पहिला घातला होता. त्याचा विचार सरळ होता: ओळख दारातच विचारायची ना, मग दाराशीच असू दे. पण जुन्या मॉड्यूलांच्या लेखी पहिलं काम एकच, जागं होणं. लायब्ररी दर वेळी शिक्का मागत होती, मॉड्यूलं दर वेळी जागी होत होती, आणि शिक्का मिळत नाही म्हणून लायब्ररी पुन्हा पुन्हा मागत होती.

"मन चांगलं होतं हो तुमचं," ती म्हणाली. "पण मोजणी दारापासून आहे."

"हे दुरुस्त करा," साहेब म्हणाले. "आत्ता."

ती बसली. शिक्क्याचा प्रश्न उचलून रांगेच्या पार शेवटी नेऊन ठेवला, नव्या मॉड्यूलांतही तोच क्रम लावला. बटण दाबलं. नवी यंत्रं हिरवी, जुनी यंत्रं हिरवी, प्रत्येकानं आपली एकच ओळ ठोकली आणि गुपचूप बसली.

साहेब पडद्याजवळ आले. "आता या जुन्यांना शिक्का विचारला का?"

"विचारला. नव्यांनी दाखवला. जुनी गप्प बसली. त्यांना प्रश्नच ठाऊक नाही."

"मग ती आत कशी आली?"

खुंटीताईनं एका ओळीवर बोट ठेवलं. "या ओळीमुळे. गप्प असेल तर काय करायचं, ते इथं लिहायचं असतं. मी लिहिलंय, आत घ्या."

"तिथं बाहेर लिहा."

"नाही."

साहेबांनी पडद्यावरच्या त्या शब्दावर बोट टेकवलं.

"हा एक शब्द आहे, ताई."

"म्हणून तर. इतके दिवस कुलूप, शिक्का, सुरक्षा असं बरंच काय काय चाललं होतं. आता सगळं गाळून एक शब्द राहिलाय. जो गप्प आहे त्याला हाकलायचं की नाही? मी लिहिणार नाही."

"मी तुम्हाला कामावरून काढू शकतो."

"काढा. ओळ तरीही कोणाला तरी लिहावी लागेल."

साहेबांनी दाढीवाल्याकडे पाहिलं. दाढीवाल्यानं दाढी खाजवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. सगळ्यांना वाटलं, आता हा होकार देणार. "साहेब," तो म्हणाला, "मी एकदा लिहिलं. टायरवाला वर यायचा राहिलाय तेवढा. आता माझा हात नाही उचलत."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "उठा तुम्ही."

खुंटीताई उठली, खुर्ची त्यांच्याकडे वळवून दिली. साहेब बसले. बोटं कीबोर्डवर ठेवली, एक अक्षर चुकलं, पुसलं, आणि शब्द बदलला. मग साठवायला गेले तर पडद्यावर चौकट उघडली. प्रत्येक ओळीमागे ती लिहिणाऱ्याचं नाव कायम राहतं, आणि का लिहिली ते कारण दिल्याशिवाय ती स्वीकारली जात नाही, हा त्या ऑफिसातला फार जुना रिवाज होता. चौकटीत साहेबांचं नाव आपोआप आलं होतं. खाली कारणाची जागा रिकामी.

साहेबांनी टाइप केलं आणि तोंडानंही म्हणाले, "सुरक्षेसाठी."

"कोणापासून?" मास्तरनं विचारलं.

तो टोमणा नव्हता. मास्तर म्हातारीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता आणि त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. साहेबांनी मागे वळून पाहिलं. अंध माणसाच्या डोळ्याला डोळा देता येत नाही आणि चुकवताही येत नाही. त्यांनी कारण पुसलं. दुसरं लिहायला घेतलं, चार अक्षरांवर थांबले, तेही पुसलं. चौकटीतलं स्वतःचं नाव ते बराच वेळ बघत राहिले. मग चौकट तशीच बंद करून ताडकन उठले.

"मला असल्या नाटकांना वेळ नाही. करा काय करायचं ते!" असं म्हणून घोंगडीचं दार ढकलून निघून गेले. चौकट बंद झाल्यामुळे बदललेला शब्द गेला आणि जुना परत आला. आत.

"करा काय करायचं ते, असं म्हणाले ना?" खुंटीताईनं दाढीवाल्याला विचारलं.

"म्हणाले. पण तसं म्हणायचं नव्हतं त्यांना."

"मी शब्दाची पक्की आहे. दुसऱ्याच्याही."

नव्या आवृत्त्या बाहेर सोडायचं काम तिचंच होतं. तिनं ती आवृत्ती तिथल्या तिथं सोडली. सोबत जाणाऱ्या माहितीत, मॉड्यूल लिहिणाऱ्या साऱ्यांनी वाचावं असं, स्वच्छ लिहिलं: शिक्का नसलेलं मॉड्यूल पूर्वीप्रमाणेच आत घेतलं जाईल. कुलूप हवं असणाऱ्यांसाठी वेगळं मॉड्यूल दिलं आहे, ज्याचं त्यानं टाकावं. म्हातारीला खाली उतरवून गाडीत चढवेपर्यंत ती आवृत्ती लोकांच्या कॉम्प्युटरवर पोचायला लागली होती.

साहेबांनी तिला काढलं नाही. लायब्ररी मात्र काढून घेतली. ती दाढीवाल्याकडे गेली, आणि खुंटीताईला तक्रारीच्या फोनवर बसवलं, पंख्याचा वारा न येणाऱ्या कोपऱ्यातल्या टेबलावर. एवढ्या वर्षांच्या माणसाला हा अपमान होता आणि तो अपमान म्हणूनच केला होता. पहिल्या दिवशी ती आपला कोट घेऊन भिंतीशी गेली तर तिच्या नेहमीच्या खुंटीवर कोणाची तरी छत्री होती. तिनं छत्री हलवली नाही. घरून हातोडी आणली आणि फळीच्या शेवटी, कोपऱ्यात, नवी खुंटी ठोकली. साहेबांच्या काचेच्या खोलीला ती भिंत लागूनच होती. तिनं जरा जास्तच वेळ ठोकलं.

आणि फोन यायला लागले. कोणाचं यंत्र जुनं, कोणाची कंपनी बुडालेली, कोणाला माळ्यावर एक प्रिंटर सापडलेला. पूर्वी या फोनवरचा माणूस "तुमचं यंत्र आमच्या यादीत नाही" एवढं बोलून ठेवून द्यायचा.

"यादीत नाही म्हणून काय झालं?" खुंटीताई म्हणे. "तुमच्याकडे प्रोग्राम लिहिणारं कोणी आहे? भाचा? चालेल. बोलवा त्याला. नसेल तर तुम्ही स्वतः बसा, मी सांगते. आधी यंत्राला एक खूण पाठवा आणि कान लावा. काय आवाज आला?"

फोनमधून ठोकल्याचा आवाज येई. ती ऐके, आणि समजलं तर सांगे. समजलं नाही तर मास्तरला फोन जोडून देई. बघता बघता अशी कितीतरी अनोळखी मॉड्यूलं लोकांनी लिहिली. ऑफिसातल्या कोणालाही त्यांची नावं माहीत नव्हती, आणि लायब्ररीचं काही अडत नव्हतं.

साहेब अधूनमधून दाढीवाल्याच्या टेबलापाशी येऊन त्या ओळीचा विषय काढत. ओळ बदलता येते, आजही येते. कोणीही बसावं, शब्द फिरवावा, कारण लिहावं. दाढीवाला दर वेळी उठून उभा राही आणि अदबीनं खुर्ची पुढे करी.

महिनाअखेरीला खुंटीताई शाळेत गेली. वर्गात म्हातारी खिडकीखाली बसली होती, भोवती मुलं. मास्तरनं तिचा आवाज ओळखला. "या वहिनी, बरं झालं आलात. आमच्या म्हातारीनं बोलणं बदललंय."

"म्हणजे तुम्ही बदललंत."

"ती सांगते, मी नुसता लिहितो."

त्यानं बटण दाबलं. म्हातारी कण्हली, पान ओढलं, एक ओळ ठणाठणा ठोकून थांबली. मुलं कागदावर तुटून पडली. सगळ्यात लहान मुलीला कागद मिळाला. तिनं बोट फिरवत, अडखळत, पण मोठ्यानं वाचलं:

"आत आले. आता हाकलून दाखवा."